बटण दाबलं तरी फॉर्म ढिम्म हलत नाही

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की ऑफिसात, सोसायटीत, मंडळात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेटाबेसवर काम करताना तुमचं काय अडतं ते कळवा. जी पत्रं आली त्यात घुमवून फिरवून एकच तक्रार होती, फॉर्म (नोंदी बघायचा-भरायचा पडदा) उघडतो, दिसतो पण नीट, फक्त बटण दाबलं किंवा चौकटीत टाइप करायला गेलं की काही म्हणजे काही होत नाही. मला ही तक्रार फार लागते कारण अशा वेळी माणसं "फाईल खराब झाली" असं ठरवून मोकळी होतात आणि कित्येक वर्षांच्या नोंदी रात्र रात्र बसून एक्सेलमध्ये परत टाइप करतात. अहो, फाईल बहुतेक वेळा धडधाकट असते. कुणीतरी, कुठल्यातरी सेटिंगने, त्या फॉर्मला गप्प बसवलेलं असतं, आणि ते कुणी बसवलंय एवढंच शोधायचं असतं. शोधाशोध सुरू करायच्या आधी फाईल बंद करून तिची एक कॉपी काढा, तारीख घालून बाजूला ठेवा, आणि सगळे प्रयोग दुसऱ्या कॉपीवर करा. ही गोष्ट खालच्या प्रत्येक उत्तराला लागू आहे, परत परत सांगत नाही.

प्रश्न: ताई, आमच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची पावती ॲक्सेसमधून निघते. जुन्या पीसीवर सगळं व्यवस्थित चालतंय. यंदा नवीन लॅपटॉप घेतला, फाईल स्वतःलाच मेल केली आणि लॅपटॉपवर उतरवली. फॉर्म उघडतो, गेल्या वर्षीची नावं पण दिसतात, पण 'पावती छापा', 'नवीन नोंद', 'शोधा' यातलं एकही बटण चालत नाही. एरर पण येत नाही. गणपती तोंडावर आलेत, काय करू?
(मंडळाचा कार्यकर्ता, लालबाग)

उत्तर: दादा, तुम्ही "एकही बटण चालत नाही" असं लिहिलंत तिथेच निम्मं उत्तर मिळालं. एकच बटण बंद असतं तर त्या बटणात दोष शोधला असता, पण सगळी एकदम बंद आणि एररसुद्धा नाही म्हणजे त्या लॅपटॉपवर ॲक्सेसने फाईलमधला कोड (बटण दाबल्यावर काय करायचं याच्या सूचना) चालवायलाच नकार दिलाय. डेटा दाखवायला कोड लागत नाही म्हणून नावं दिसतात, आणि बटणामागे कोड असतो म्हणून बटणं मुकी.

फाईल उघडल्यावर रिबनच्या, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्ट्याच्या, खाली एक आडवी पट्टी येते का बघा. पिवळी असेल आणि तिच्यावर 'एनेबल कंटेंट' असेल तर ते दाबा, काम झालं. पण तुमची फाईल मेलमधून आलीय, त्यामुळे पट्टी लाल असायची शक्यता जास्त, आणि लाल पट्टीवर एनेबल कंटेंटचं बटणच नसतं, त्यामुळे लोक तिथे अडकतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलला विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं, आणि 2022 पासून मायक्रोसॉफ्टने असा शिक्का असलेल्या फाईलींमधला कोड सरसकट अडवायला सुरुवात केली. शिक्का काढायचा तर ॲक्सेस बंद करा, फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, जनरल टॅबच्या अगदी तळाशी 'अनब्लॉक'ची चौकट दिसेल, तिच्यात टिक करा, ओके. मग फाईल परत उघडा.

हा शिक्का हार्ड डिस्कच्या एनटीएफएस पद्धतीतच टिकतो, साध्या पेन ड्राइव्हवर फाईल टाकली की गळून पडतो. म्हणून काय होतं की एका कार्यकर्त्याने पेन ड्राइव्हने नेलेली फाईल चालते, दुसऱ्याने मेलवरून घेतलेली तीच फाईल चालत नाही, आणि मग दोघं एकमेकांच्या लॅपटॉपला दोष देत बसतात.

कायमचा बंदोबस्त करायचा असेल तर मंडळाच्या फाईलसाठी एक वेगळा फोल्डर बनवा आणि तो ट्रस्टेड करा. फाईल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स, तिथे 'ॲड न्यू लोकेशन'. फक्त डाउनलोड्सचा फोल्डर किंवा अख्खी सी ड्राइव्ह ट्रस्टेड करू नका, हे कळकळीने सांगते, कारण मग उद्या कुणीही पाठवलेली कसलीही फाईल तुमच्या लॅपटॉपवर बिनविरोध चालेल, आणि त्याच लॅपटॉपवर वर्गणीदारांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. अजून एक, फाईल झिपमध्ये असेल तर झिपच्या आतूनच डबल क्लिक करून उघडू नका, आधी बाहेर काढा. आतून उघडलेली फाईल फक्त वाचण्यापुरती असते, तिच्यात नोंद होत नाही.

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या डेटाबेसमध्ये पुस्तकाचा फॉर्म आहे, वर एक शोधायची यादी आहे, पुस्तकाचं नाव निवडलं की खाली त्याची माहिती येते. सुट्टीत मदतीला मुलं येतात, त्यांच्या हातून लेखकाची नावं चुकून पुसली जायची म्हणून मी फॉर्मचं 'अलाऊ एडिट्स' नो केलं. तेव्हापासून वरची यादी उघडते, सगळी पुस्तकं दिसतात, पण एकावरही क्लिक लागत नाही. यादीला तर मी हातही लावला नव्हता!
(ग्रंथपाल, दादर)

उत्तर: ताई, तुमचा हेतू अगदी बरोबर होता, कुलूप मात्र भलत्या दाराला लागलं. अलाऊ एडिट्स ही फॉर्मची प्रॉपर्टी आहे, एकेका चौकटीची नाही. ती नो केली की ॲक्सेस त्या फॉर्मवरच्या कुठल्याच चौकटीत बदल होऊ देत नाही, मग ती चौकट टेबलाशी जोडलेली असो की नुसती शोधायला ठेवलेली. यादीतून पुस्तक निवडणं आपल्यासाठी शोधणं आहे, पण ॲक्सेसच्या लेखी ती चौकटीतली किंमत बदलणंच आहे, म्हणून यादी उघडते आणि निवड होत नाही. हा फॉर्म बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी बसणारा फटका आहे, त्यामुळे तुमचं काही चुकलं असं वाटून घेऊ नका.

अलाऊ एडिट्स परत येस करा. मग डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे फॉर्म घडवायच्या पडद्यावर, जाऊन पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक अशा ज्या चौकटी जपायच्या आहेत त्या शिफ्ट धरून एकदम निवडा आणि प्रॉपर्टी शीटच्या (निवडलेल्या चौकटींच्या सेटिंग्जच्या यादीच्या) डेटा टॅबमध्ये 'लॉक्ड' येस करा. शोधायच्या यादीला हात लावू नका, तिचं लॉक्ड नो राहू दे. झालं, मुलं शोधतील पण बदलू शकणार नाहीत. आणि तुम्हाला स्वतःला दुरुस्ती करायची असेल तेव्हा एक 'कुलूप उघडा' असं बटण ठेवता येतं, त्यासाठी जपायच्या सगळ्या चौकटींच्या 'टॅग' प्रॉपर्टीत 1 लिहून ठेवा आणि बटणाच्या कोडमध्ये फॉर्मवरचे सगळे कंट्रोल (चौकटी, बटणं वगैरे) एकामागून एक तपासून ज्याचा टॅग 1 आहे त्याचंच लॉक्ड नो करा, फॉर्म बंद करून उघडला की परत कुलूप. पाचसहा ओळींचं काम आहे.

इथे 'एनेबल्ड' आणि 'लॉक्ड' या जोडीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण चौकट हलत नाही म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांचं उत्तर या दोन ओळींत असतं. एनेबल्ड नो आणि लॉक्ड नो असेल तर चौकट राखाडी, फिकट होते, ते पटकन लक्षात येतं. एनेबल्ड येस आणि लॉक्ड येस असेल तर आत कर्सर जातो, मजकूर कॉपी करता येतो, टाइप होत नाही, वाचनालयाला हेच हवंय. पण एनेबल्ड नो आणि लॉक्ड येस ही जोडी सगळ्यात फसवी, चौकट दिसायला अगदी नेहमीसारखी, पांढरी स्वच्छ, आणि कितीही क्लिक करा आत कर्सरच जात नाही. माणूस माउस बदलून बघतो, कीबोर्ड बदलून बघतो. चौकट दिसायला ठणठणीत आणि कर्सर घेत नसेल तर सगळ्यात आधी डेटा टॅबवर या दोन ओळी बघा.

प्रश्न: सोसायटीच्या मेंटेनन्सचा फॉर्म चार वर्षं चालला. गेल्या महिन्यात कमिटीतल्या एकांनी प्रत्येक फ्लॅटची एकूण थकबाकी त्याच फॉर्मवर दिसावी म्हणून काहीतरी केलं. थकबाकी छान दिसते आता, पण फोन नंबरसुद्धा बदलता येत नाही. लॉक्ड, एनेबल्ड सगळं तपासलं, ठीक आहे.
(सोसायटीचे सेक्रेटरी, मुलुंड)

उत्तर: काका, फोन नंबरच्या चौकटीत कर्सर ठेवून एक आकडा टाइप करा आणि लगेच खिडकीच्या अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे बारीक अक्षरात 'धिस रेकॉर्डसेट इज नॉट अपडेटेबल' असं आलं तर दोष फॉर्ममध्ये नाहीच, ज्या क्वेरीवर (टेबलांतून हवी ती माहिती काढणारी विचारणा) फॉर्म उभा आहे तिच्यात आहे. या खालच्या पट्टीकडे कुणी बघत नाही, पण ॲक्सेस बिचारं तिथे खरं कारण सांगत असतं. कंट्रोल एखाद्या सूत्राला बांधलेला आहे, हा ऑटोनंबर (आपोआप पडणारा क्रमांक) आहे, असले निरोपसुद्धा तिथेच येतात.

त्या गृहस्थांनी फ्लॅटचं टेबल आणि पावत्यांचं टेबल जोडून बेरीज काढणारी क्वेरी केली असणार आणि तीच फॉर्मच्या 'रेकॉर्ड सोर्स'ला (फॉर्मला माहिती पुरवणाऱ्या सेटिंगला) लावली असणार. बेरीज करणाऱ्या क्वेरीत एक ओळ म्हणजे दहा पावत्यांचा गोळा असतो, मग त्या ओळीत तुम्ही काही बदललंत तर ते मूळ दहापैकी कुठल्या ओळीत लिहायचं हे ॲक्सेसला ठरवता येत नाही, म्हणून ते अख्खी क्वेरी वाचण्यापुरती करून टाकतं. ग्रुप बाय (गट पाडणं) असलेली, युनियन (दोन याद्या एकत्र करणं) असलेली, युनिक व्हॅल्यूज (सारख्या ओळी गाळणं) येस असलेली क्वेरी अशीच वागते. पक्कं करायचं असेल तर फॉर्म बाजूला ठेवून ती क्वेरी नुसती उघडा, तळाशी चांदणीची रिकामी ओळ येत नसेल तर तिथेच नाडी सापडली.

उपाय असा की फॉर्मचा रेकॉर्ड सोर्स परत साधं फ्लॅटचं टेबल करा, आणि थकबाकीसाठी एक वेगळी चौकट ठेवून तिच्या कंट्रोल सोर्समध्ये बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं डीसम लिहा, जे पावत्यांच्या टेबलातून या फ्लॅट नंबरची बेरीज आणून दाखवेल. ती एक चौकट बदलता येणार नाही, आणि येऊही नये, बेरीज ती बेरीज. बाकी सगळं पूर्ववत चालेल. फ्लॅट फार असतील आणि डीसम हळू वाटलं तर बेरजेची क्वेरी सबफॉर्ममध्ये, म्हणजे फॉर्मच्या आतल्या छोट्या फॉर्ममध्ये, टाका.

प्रश्न: फॉर्म उघडला की नुसता पांढरा दिसतो, एकही चौकट नाही, एकही बटण नाही. डिझाइनमध्ये सगळं जागच्या जागी आहे.
(एक वाचक, अंधेरी)

उत्तर: फॉर्मला दाखवायला एकही नोंद मिळत नाहीये आणि नवीन नोंद करायचीही परवानगी नाहीये, असं दोन्ही एकत्र झालं की मधला भाग कोरा पडतो. एक तर फिल्टर लागून राहिलाय तो काढा, नाही तर 'अलाऊ ॲडिशन्स' येस करा. दोन्ही करून पांढराच राहिला तर वरचं मुलुंडचं उत्तर वाचा, क्वेरी बदल न घेणारी असली की नवीन नोंदीची ओळही मिळत नाही.

प्रश्न: कापडाच्या दुकानात बिलिंगसाठी स्वतः शिकून ॲक्सेस केलंय. 'सेव्ह' बटण छान चालत होतं. त्याचं नाव कमांड12 असं विचित्र होतं म्हणून बदलून नीट ठेवलं, तर ते बटण मेलं. कोड जाऊन बघितला तर शब्दन् शब्द तसाच आहे.
(एक व्यापारी, काळबादेवी)

उत्तर: स्वतः शिकून दुकानाचं बिलिंग उभं केलंत याचं खरंच कौतुक वाटलं. कोड तसाच आहे, पण तो अजून जुन्या नावाच्या बटणाची वाट बघतोय. बटण आणि कोड यांना जोडणारा धागा म्हणजे फक्त नाव, कमांड12 अंडरस्कोर क्लिक. तुम्ही बटणाचं नाव बदललंत, प्रोसीजरचं (त्या बटणाच्या कोडच्या तुकड्याचं) राहिलं, धागा सुटला. बटण निवडा, प्रॉपर्टी शीटच्या इव्हेंट टॅबमध्ये 'ऑन क्लिक'समोर इव्हेंट प्रोसीजर आहे का बघा, नसेल तर निवडा, शेजारचे तीन टिंब दाबा. नव्या नावाची रिकामी प्रोसीजर उघडेल, जुन्यातला मजकूर कापून तिच्यात टाका, जुनं रिकामं खोकं पुसा आणि डीबग मेनूतून कंपाइल करा, म्हणजे कोड तपासून घ्या. बटण एका फॉर्मवरून दुसऱ्यावर कॉपी पेस्ट केलं तरी हेच होतं, बटण येतं, कोड मागे राहतो.

हे सगळं बरोबर असूनही बटण गप्प असेल तर कोडमध्ये 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' अशी ओळ शोधा. ही ओळ म्हणजे ॲक्सेसला सांगणं की काहीही बिघडलं तरी बोलू नकोस, पुढे जा. बटण चालतं, आत चूक होते, ती गिळली जाते आणि आपल्याला वाटतं बटण मेलंय. ती ओळ सरळ काढा. मग एरर येईल, आणि आलेली बरी, निदान कुठे दुखतंय ते कळेल. बिलाच्या फॉर्ममध्ये तर ही ओळ मी ठेवूच देत नाही, पैशाची नोंद झाली नाही हे माणसाला त्याच क्षणी कळलं पाहिजे.

आणि कधी कधी कोडची खिडकी मागे पिवळ्या ओळीवर थांबून राहिलेली असते, म्हणजे कोड ब्रेक मोडमध्ये असतो, तेव्हाही बटणं प्रतिसाद देत नाहीत. त्या खिडकीत रन मेनूतून रीसेट करा.

प्रश्न: आमच्या दवाखान्यात केसपेपरच्या फॉर्मवर 'नवीन / जुना' अशी मराठी यादी आहे. 'जुना' निवडल्यावर मागची फाईल उघडायला हवी असा कोड भाच्याने लिहून दिला. काहीच होत नाही. त्याच्याकडे इंग्रजी 'ओल्ड' आणि 'न्यू' टाकून बघितलं तर चाललं म्हणे. ॲक्सेसला मराठी येत नाही का?
(रिसेप्शनवर काम करणारी वाचक, परळ)

उत्तर: हा प्रश्न आला याचा मला खूप आनंद झाला, कारण ही आपल्याच माणसांना होणारी अडचण आहे आणि इंग्रजी पुस्तकांत हिचं उत्तर सहसा सापडत नाही. ॲक्सेसला मराठी येतं. टेबलात, फॉर्मवर, रिपोर्टमध्ये देवनागरी उत्तम राहतं कारण ॲक्सेस 2000 पासून डेटा युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांची अक्षरं सामावणाऱ्या पद्धतीत) साठवला जातो. मराठी येत नाही ते कोड लिहायच्या खिडकीला, व्हीबीएच्या एडिटरला. ती खिडकी जुन्या कोडपेजवर (ठरावीक भाषांच्याच अक्षरांच्या तक्त्यावर) चालते आणि देवनागरीला विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही, देवनागरी फक्त युनिकोडमध्येच आहे.

भाच्याला सांगा, कोडची खिडकी उघडून ती ओळ डोळ्यांनी बघ. त्याने 'जुना' टाइप केलं असेल तिथे अवतरणचिन्हांत चार प्रश्नचिन्हं दिसतील. म्हणजे कोड असं विचारतोय की यादीतली किंमत चार प्रश्नचिन्हांएवढी आहे का. ती कधीच नसते. मग इफच्या आतलं काही चालत नाही, आणि चूक अशी काही झालेलीच नाही म्हणून एररही नाही. तुम्ही दिवसभर 'जुना' निवडत राहाल आणि पेशंट काउंटरवर उभा.

यावर सगळ्यात टिकाऊ इलाज म्हणजे कोडमध्ये मराठी शब्द आणायचाच नाही. एक छोटं टेबल करा, दोन रकाने, पहिल्यात आकडा, दुसऱ्यात शब्द, 1 नवीन, 2 जुना. यादीला हे टेबल रो सोर्स म्हणून द्या, कॉलम काउंट 2, बाउंड कॉलम 1, आणि कॉलम विड्थ्समध्ये पहिल्या रकान्याची रुंदी शून्य. दिसताना तुम्हाला 'जुना' दिसेल, आतून किंमत 2 जाईल, आणि कोड विचारेल, 2 आहे का. मात्र आधीच्या केसपेपरमध्ये तिथे शब्द साठलेले असतील, ते अपडेट क्वेरीने आकड्यांत बदलून घ्या, आणि ती क्वेरी आधी कॉपीवर चालवा. उद्या 'जुना' ऐवजी 'फेरतपासणी' लिहायचं ठरलं तरी टेबलात एक शब्द बदलायचा, कोडला धक्का नाही.

याच कारणाने बटणांचं 'नेम' नेहमी इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि 'कॅप्शन' मराठीत, कारण कोड नेमवरून जोडला जातो आणि कॅप्शन फक्त डोळ्यांसाठी असतं. मेसेज बॉक्समध्ये मराठी सूचना दिली तर तिथेही प्रश्नचिन्हंच येतात, त्याऐवजी मराठी वाक्य लेबलवर लिहून एक छोटा फॉर्म उघडा.

शोध घेताना जुना पेशंट सापडत नाही असंही तुमच्याकडे होत असेल तर अजून दोन गोष्टी बघा. काही दवाखान्यांत जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, त्या दिसायला मराठी पण आतून इंग्रजी अक्षरं, मग आजच्या कीबोर्डने 'पाटील' टाइप करून त्या मिळणार नाहीत, त्या आधी रूपांतर करून घ्याव्या लागतात. आणि 'कऱ्हाड'मधला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र ती वेगवेगळी अक्षरं. म्हणून गावाचं नाव टाइप करायला न लावता यादीतून निवडायला लावा.

प्रश्न: सीए ऑफिस आहे, सहा जण एकाच शेअर्ड फोल्डरमधली ॲक्सेस फाईल उघडतो. कुणा एकाने आधी उघडली की बाकीच्यांना काहीच बदलता येत नाही, कधी तर सगळ्यांनाच नाही. सर्व्हरवाल्याने नवीन परवानग्या लावल्यापासून हे सुरू झालं.
(आर्टिकलशिप करणारा विद्यार्थी, फोर्ट)

उत्तर: सर्व्हरवाल्याने सुरक्षेसाठी फोल्डरला मर्यादा घातल्या असतील, त्यात तुमच्या फाईलीचं एक गुपित राहून गेलं. ॲक्सेसची फाईल उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची, एलएसीसीडीबी शेपटीची एक छोटी फाईल तयार होते, जुन्या एमडीबीसाठी एलडीबी. कोण कोण आत आहे, कुणी काय धरून ठेवलंय याची नोंद तिच्यात असते, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. ही फाईल बनवायची परवानगी नसेल तर ॲक्सेस एकट्यालाच आत घेतं किंवा सगळ्यांना नुसतं वाचू देतं. म्हणून फोल्डरवर सहाही जणांना वाचणं, लिहिणं, नवीन फाईल बनवणं आणि पुसणं या सगळ्याची परवानगी लागते, फक्त डेटाबेसच्या फाईलवर देऊन भागत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. सहा जण एकच फाईल उघडताय ही पद्धतच बदला. डेटाबेस टूल्समध्ये 'ॲक्सेस डेटाबेस' म्हणून विभागणीचा विझार्ड आहे, त्याने टेबलं एका फाईलीत सर्व्हरवर राहतात आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट दुसऱ्या फाईलीत. त्या दुसऱ्या फाईलीची स्वतंत्र कॉपी प्रत्येकाच्या पीसीवर ठेवायची. एकाचा फॉर्म अडकला तरी बाकी पाच जण काम करत राहतात. टेबलांची फाईल वायफायवरून उघडू नका, केबल लावा, मधेच सिग्नल तुटला की फाईल खरोखर खराब होऊ शकते. आणि गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात तर ठेवूच नका, ती सोय एकेका कागदासाठी आहे, सहा जणांनी एकदम लिहायच्या डेटाबेससाठी नाही.

प्रश्न: केटरिंगच्या ऑर्डरचा जुना फॉर्म, ऑफिस 2007 च्या काळचा. नवीन कॉम्प्युटरवर तारीख निवडायचं कॅलेंडर चालत नाही, तिथे नुसता रिकामा चौकोन.
(एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: ते कॅलेंडर ॲक्सेसचं अंगभूत नव्हतं, वेगळा जोडलेला कंट्रोल होता आणि ॲक्सेस 2010 पासून मायक्रोसॉफ्टने तो देणं बंद केलं. कुठून तरी शोधून परत बसवायच्या नादाला लागू नका. तो चौकोन पुसा, त्याजागी तारखेच्या फील्डला जोडलेली साधी टेक्स्ट बॉक्स ठेवा, तिच्यात क्लिक केलं की शेजारी कॅलेंडरचं छोटं चित्र आपोआप येतं, ते दाबलं की कॅलेंडर उघडतं. नाही आलं तर 'इनपुट मास्क' रिकामा आहे का बघा, मास्क असला की ते येत नाही. मात्र जुन्या कोडमध्ये त्या कॅलेंडरचा उल्लेख असेल तर तोही काढावा लागेल, आणि कोडच्या खिडकीत टूल्स, रेफरन्सेसमध्ये (कोडला लागणाऱ्या बाहेरच्या जोडण्यांच्या यादीत) 'मिसिंग' लिहिलेली ओळ असेल तर तिची टिक काढा, कारण एक रेफरन्स हरवला की कधी कधी भलत्याच ठिकाणचा कोड अडतो.

प्रश्न: आमच्या ट्रस्टकडे लिबरऑफिस बेस आहे, त्यात देणगीदारांच्या फॉर्मवर काहीच टाइप होत नाही. ॲक्सेसचीच उत्तरं देता, आमचंही सांगा.
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर: अगदी रास्त तक्रार. बेसमध्ये ज्या टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) नाही ते टेबल फक्त वाचता येतं, आणि एक्सेलमधून पेस्ट करून बनवलेल्या टेबलाला ती बहुतेक वेळा द्यायची राहून जाते. टेबल डिझाइनमध्ये उघडा, पावती क्रमांकासारखा जो रकाना कधीच दोनदा येत नाही त्याच्या डाव्या बाजूला राइट क्लिक करून प्रायमरी की करा. टाइप न होता क्लिक केल्यावर चौकटीभोवती छोटे ठिपके येत असतील तर मात्र फॉर्म डिझाइन मोडमध्ये उघडलाय, टूलबारवरचं डिझाइन मोडचं बटण परत दाबा.

प्रश्न: मी घरी लॅपटॉपला दुसरा मॉनिटर लावून काम करते. ऑफिसला जाऊन फक्त लॅपटॉपवर तीच फाईल उघडली की एक बटण दाबल्यावर सगळं गोठतं, कुठेही क्लिक केलं की नुसता 'टण्' आवाज. टास्क मॅनेजरमधून बंद करावं लागतं.
(अकाउंटंट, बोरिवली)

उत्तर: ताई, जबरदस्तीने बंद करणं आधी थांबवा, नोंद लिहिताना असं झालं तर फाईलला इजा होऊ शकते. तो 'टण्' आवाजच सांगतोय की काही गोठलेलं नाही. त्या बटणाने एक पॉपअप फॉर्म उघडलाय, तो मोडल आहे म्हणजे त्याला उत्तर दिल्याशिवाय मागे काही करू देत नाही, आणि तो उघडलाय तुमच्या घरच्या मॉनिटरच्या जागी, जो आत्ता जोडलेला नाहीये. ऑल्ट धरून स्पेस दाबा, मग एम, मग डावा बाण दाबून धरा, खिडकी सरकत सरकत स्क्रीनवर येईल. एमने काही झालं नाही तर एस्केप दाबून बघा, त्या फॉर्मवर रद्द करायचं बटण असेल तर तो बंद होईल. नंतर तो फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडून 'ऑटो सेंटर' येस करा आणि सेव्ह करा, पुढच्या वेळी लॅपटॉपच्याच स्क्रीनवर मधोमध उघडेल.